लेकीच्या गावी, तारखेची वाट पाहताना

आमच्या भाऊकीत दत्तकाचा विषय सातबाऱ्यापासून सुरू होत असे. वावर कोणाच्या नावावर जाणार हे आधी ठरायचं. मूल नसलेल्या बाईच्या मनाचा प्रश्न कोणी काढलाच, तर तो मागाहून. दारव्हा तालुक्यातल्या सासरी मी आले तेव्हा घराण्यात दोन दत्तकं होऊन गेली होती. दोन्ही सख्खे पुतणे, दोन्ही मिसरूड फुटल्यावर मांडीवर घेतलेले. महाराष्ट्रातल्या जुन्या रूढीत हे बसत असे. लग्न झालेला, स्वतःला मुलंबाळं असलेला पुरुषही दत्तक जाऊ शके, कारण दत्तक हवा असायचा तो पिंड द्यायला आणि जमीन सांभाळायला. त्यासाठी पाळण्यातलं लेकरू लागत नसे, आणि मुलगी तर नाहीच.

आमच्यावर ती वेळ आली तेव्हा धाकट्या दिरांचा मधला मुलगा जवळजवळ ठरलेला होता. आम्ही दोघांनी मात्र मुलगी आणायचं ठरवलं, तीही आश्रमातून. सासूबाईंनी चुलीपुढे बसल्या बसल्या विचारलं, "कोनाची होय, कोन्या घरची होय, हे तरी मालूम पडन काय? अन् तिले आपल्याले देईन कोन?" त्यांचा सूर भांडणाचा नव्हता. ज्या मुलीचे आईबाप माहीत नाहीत ती आपल्या ओटीत टाकण्याचा अधिकार कोणाला, हे त्यांना खरोखर उमगत नव्हतं. मी शाळेत इतिहास शिकवत असे. सासूबाईंच्या त्या प्रश्नाचा इतिहास मला पुढे पंढरपुरात, कोर्टाच्या तारखेची वाट पाहत हिंडताना, थोडा थोडा कळत गेला. तो लिहून ठेवावा असं फार दिवस मनात होतं. आश्रमातून आणलेल्या लेकराला मागचं काही नसतं असं लोक मानतात. माझ्या लेकीला मागे एक अख्खं गाव आहे आणि त्या गावाची शंभराहून जास्त वर्षांची एक हकीकत आहे. ती तिच्या कुळाची हकीकत म्हणूनच मी सांगते आहे.

सासूबाईंनी विचारलं ते धर्मशास्त्रातच होतं. मनुस्मृतीने पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत आईबापांनी टाकलेलं आणि दुसऱ्याने उचलून वाढवलेलं मूलही आहे. त्याला अपविद्ध म्हणत. म्हणजे कधीकाळी शास्त्रात टाकलेल्या लेकराला जागा होती. पुढच्या निबंधकारांनी कलियुगात फक्त दोनच पुत्र खरे मानले, पोटचा आणि दत्तक. दत्तक म्हणजे बापाने, किंवा बाप नसल्यास आईने, आपल्या हाताने दिलेला. ज्याला देणारं कोणी उरलं नाही ते पोर दत्तक जाऊच शकत नव्हतं. इंग्रजी न्यायालयांनी हेच सूत्र धरलं. ज्या मुलाला घराची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठीच दार बंद झालं आणि ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद राहिलं.

मोठ्या घरांत दत्तक म्हणजे राज्याचा प्रश्न. 1853 च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारस न ठेवता गेले. डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातल्या बायकांनी यशवंतराव अहिरराव यांना दत्तक घेतलं, ते जानोजी झाले, पण राज्य परत मिळालं नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं होतं. आमचा यवतमाळ जिल्हा, ज्याचं नाव पुढे 1905 पर्यंत वणी जिल्हा होतं, त्यातच गेला. दत्तक नामंजूर झाला की घराणं बुडतं ही धास्ती आमच्याकडच्या पाटील-देशमुखांच्या वाड्यांत त्या काळापासून मुरली असावी असं मला वाटतं. 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यानंतर लॉर्ड कॅनिंगने 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. पण ह्या सगळ्या गदारोळात मूल ह्या गोष्टीचा विचार कोणी केल्याचं मला कुठेही वाचायला मिळालं नाही.

आम्ही पंढरपूरच्या आश्रमाकडे निघालो 1988 च्या मार्गशीर्षात. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावरून शकुंतलेने मूर्तिजापूर. अडीच फुटी रुळांची ही गाडी 1903 पासून यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला नेत आली होती आणि तेव्हा तिला मँचेस्टरला बांधलेलं 1921 चं कोळशाचं इंजिन होतं. मूर्तिजापूरहून मोठ्या गाडीने दौंड, दौंडहून कुर्डुवाडी, आणि तिथे पुन्हा अडीच फुटी रूळ: एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची 1897 ची बार्शी लाइट रेल्वे, जिचा फाटा 1906 मध्ये पंढरपूरला पोचला. प्रवासाच्या दोन्ही टोकांना त्याच मापाची, त्याच चालीची गाडी मिळाली म्हणून मला धीर आला. ह्यांनी पूर्ण प्रवासात लोकरीच्या टोपड्याचं पुडकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आम्ही उतरलो ती गाडगे महाराजांची धर्मशाळा. आमच्या वऱ्हाडच्या माणसाने पंढरपुरात दुसरीकडे का उतरावं? बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. पांडुरंगाचं दर्शन बाजूला ठेवून त्यांनी ह्या गावात खराट्याने रस्ते झाडले आणि ज्यांना कोणी ओसरीवर उभं करत नसे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती वास्तू त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बाबा गेले 20 डिसेंबर 1956 रोजी, वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी. आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अमलात आला तो दुसऱ्या दिवशी, 21 डिसेंबरला. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही. तरी ह्या दोन तारखा मी माझ्या वहीत शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.

आता आश्रमाचं सांगते.

वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम 1875 मध्ये सुरू झाला. सुरू करणारे लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ, पंढरपूरच्या कोर्टात सबजज्ज होते आणि प्रार्थना समाजाच्या विचारांचे. 1867 मध्ये मुंबईत आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी प्रार्थना समाज काढला होता. भांडारकर आणि रानडे पुढे त्यात आले. नवरंगे हे समाजाच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी, त्यांचं नाव आश्रमाला मिळालं. लालशंकर पुढे अहमदाबादला गेले आणि तिथेही त्यांनी महिपतराम रूपराम यांच्या नावाने अनाथाश्रम काढला. एका माणसाने बदलीच्या दोन गावांत टाकलेल्या पोरांसाठी दोन छपरं उभी केली. पंढरपुरात त्यांच्या नावाचा चौक मला तरी कुठे दिसला नाही, आणि तो असायला हवा.

हे काम पंढरपुरातच का सुरू व्हावं? मी हा प्रश्न धर्मशाळेतल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याला विचारला. तो म्हणाला, "माय, इथं येनाऱ्याले कोनी इचारत नाही कुठून आली." उत्तर एवढंच होतं. आषाढी-कार्तिकीला लाखोंचा मेळा, बाकीच्या दिवसांतही येणंजाणं चालूच. एकटी बाई गावात दिसली तर ती वारीला आली असं धरलं जायचं. विधवाविवाहाला कायद्याने 1856 मध्येच मान्यता मिळाली होती, पण घरोघर ती पोचायला पिढ्या लागल्या. नहाण येण्याआधी विधवा झालेली, केशवपन करून कोपऱ्यात बसवलेली मुलगी घरातल्याच पुरुषाकडून नासवली गेली की तिला देवदर्शनाच्या नावाखाली तीर्थाच्या गावी पाठवत. तिथे बाळंत व्हायचं, रिकाम्या हाताने परतायचं, आणि घरी तीर्थाचा प्रसाद वाटायचा. जे मूल मागे राही ते वाळवंटात, धर्मशाळेच्या ओट्यावर, किंवा नदीत. लालशंकर न्यायाधीश होते. अशा अर्भकांची आणि त्यांच्या आयांची प्रकरणं अशाच कोर्टांपुढे येत. हा माणूस न्यायासनावरून उठून पाळण्यापर्यंत का आला, ते त्याच्या नोकरीवरूनच समजतं.

त्याच्या आधी बारा वर्षं, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यानंतर. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर इथे ठेवा, असं त्यांनी उघड जाहीर केलं. त्या घरात जन्मलेला यशवंत त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतला. पंढरपूरचा आश्रम निघाला तो पुढच्याच वर्षी. जोतीरावांनी 1887 मध्ये मृत्युपत्र करून यशवंताला वारस नेमलं, तरी 1890 मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवं धरायचा हक्क भाऊबंदांनी सांगितलाच. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं हातात घेऊन पुढे झाल्या. शाळेत हा प्रसंग मी वर्षानुवर्षं शिकवला. आमच्या भाऊकीत दत्तकावरून बोलणी व्हायला लागल्यावर मात्र तो मला पहिल्यांदा घरातला वाटला.

आणि वऱ्हाडाचं एक नाव ह्या हकीकतीत यायलाच हवं. सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या विधवेला बालहत्येबद्दल 1881 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, नंतर ती कमी झाली; वर्तमानपत्रांनी मात्र सगळ्याच बायांना धारेवर धरलं. त्याला उत्तर दिलं ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी. त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 मध्ये छापून आलं. त्या पोराचा बाप कोण, त्याला शिक्षा काय, असं भरसभेत विचारावं तसं त्यांनी छापून विचारलं. आश्रमाच्या वहीत बापाचा रकाना रिकामा का असतो, हे ताराबाईंच्या त्या पुस्तकानंतर कोणाला समजावून सांगायला नको.

आश्रम निघाल्यावर वर्षभरातच 1876 चा दुष्काळ पडला. दख्खनच्या ज्या जिल्ह्यांना त्याने पोळून काढलं त्यांत सोलापूर होतं. तेव्हा टाकलेल्या लेकरांबरोबर भुकेने आईबाप गेलेली लेकरंही होती. त्यांना वाढवायचं, शिकवायचं, मार्गी लावायचं ते संस्थेनेच. कारण त्यांना रीतसर दत्तक देणं कोणाच्याच हातात नव्हतं. कोणी मूल मायेने घरी नेलंच, तरी कायद्याने ते परकंच राहायचं. हे मला पंढरपुरात जाईपर्यंत माहीत नव्हतं, आणि ते कळल्यावर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

आमची लेक तेव्हा दहा महिन्यांची. आश्रमाने दुपारचा थोडा वेळ ठरवून दिला होता, रोज येऊन तिच्याशी ओळख वाढवायची. पहिल्या दिवशी तिने ह्यांची मिशी पाहून रडून आकांत केला, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि आश्रमातल्या मावशींच्या खांद्यावर तोंड लपवलं. अर्ज सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात होता. पुढची तारीख मिळेपर्यंत वऱ्हाडात जाऊन परत येणं खर्चाचं होतं, आणि लेकीची सवय मोडली असती. म्हणून आम्ही राहिलो. आश्रमाच्या वेळेआधी आणि नंतर सगळा दिवस रिकामा. दोघं नोकरदार माणसं, असा रिकामा दिवस आम्हाला माहीत नव्हता. मग आम्ही गाव पाहायला लागलो.

परक्या गावात मन धास्तावलेलं असताना माणूस जे पाहतो ते नेहमीच्या यात्रेपेक्षा वेगळं असतं. नामदेव पायरी, चोखोबांची समाधी, गरुडखांब हे आम्ही आधी वारीच्या गर्दीत ढकलले जाऊन पाहिले होते. आता उभं राहून पाहिले. चोखोबांच्या समाधीपाशी उभं राहिलं की देऊळ समोरच दिसतं; 1947 च्या मे महिन्यात ह्याच गावात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडलं. बंद दारांचा इतिहास मला त्या दिवसांत जिथे तिथे दिसत होता.

रुक्मिणीच्या देवळात आम्हा वऱ्हाडच्या बायांचा पाय जास्त वेळ रेंगाळतो. ती कौंडण्यपूरची, आमच्या वर्धेच्या काठची. रुसून द्वारकेहून निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली, तिला शोधत देव इथे आला, अशी कथा आहे. कौंडण्यपूरची पालखी दर आषाढीला लेकीच्या भेटीला म्हणून पायी येते. म्हणजे आमच्या बाजूची एक लेक ह्या गावात नांदायला आली होती. मी देवीला म्हटलं, आता ह्या गावची एक आमच्याकडे येऊ दे.

महाद्वार घाटावर शिंद्यांचा वाडा आहे, द्वारकाधीशाचं देऊळ असलेला, किल्ल्यासारखा. तो बायजाबाई शिंदे ह्यांनी बांधवला. दौलतराव शिंदे 1827 मध्ये निपुत्रिक वारले तेव्हा बायजाबाईंनी एक मुलगा दत्तक घेतला, तोच जनकोजी. मोठा झाल्यावर सत्तेवरून दोघांचं फाटलं आणि 1833 मध्ये बायजाबाईंनाच ग्वाल्हेर सोडावं लागलं. घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी ह्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्यांनी गादीसाठी पोरगा आणला. आपल्याजवळ गादी कुठी हाय?" मला त्या वाड्यापेक्षा हे वाक्य जास्त लक्षात राहिलं आहे. समोर चंद्रभागेत पुंडलिकाचं देऊळ, आईबापांची सेवा न सोडता देवालाही विटेवर थांबवणाऱ्या मुलाचं. सगळं गावच आईबाप आणि लेकरू ह्या नात्यावर उभं आहे, आणि त्याच गावात बायांनी लेकरं सोडून जायची पाळी येत होती.

गोपाळपूरला आम्ही पायी गेलो. तिथे जनाबाईची खोली दाखवतात आणि तिचं जातं. बाया त्या जात्याला हात लावून एक फेरा घालतात. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच पंढरपुरात आली आणि दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या, घरी राहिली. जन्मदात्यांच्या घरी परत गेली नाही. तिने स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतलं. त्या घरात तिला माया मिळाली हे खरं, पण दासी म्हणून. त्या जात्यापाशी मी ठरवलं की आमच्या घरी येणारी मुलगी सगळ्या हक्कांनिशी येईल, कागद पक्का असेल, वावरात वाटा असेल, आणि भाऊकीला तो मान्य करावा लागेल. तिथून विष्णुपदाला होडीने गेलो. मार्गशीर्षात देव देवळातून तिथे राहायला जातो असं मानतात, म्हणून लोक डबे घेऊन येतात. नदीतल्या खडकावर बसून आम्ही धर्मशाळेतून आणलेली भाकरी खाल्ली. एका अनोळखी कुटुंबाने आम्हाला वांग्याची भाजी वाढली आणि विचारलं, "मुलंबाळं?" ह्यांनी सांगितलं, "एक पोरगी हाय. दहा महिन्यांची." कोर्टाची तारीख अजून व्हायची होती.

तो कागद पक्का कसा झाला, तेही सांगायला हवं. 1956 च्या कायद्याने दोन मोठी दारं उघडली. मुलीला दत्तक घेता येऊ लागलं आणि आईबाप नसलेल्या मुलाच्या पालकाला कोर्टाच्या परवानगीने ते दत्तक देता येऊ लागलं. पण आईबाप मेलेले नसून ज्यांनी टाकलं, किंवा जे कोण हेच माहीत नाही, अशा लेकराचं काय? आश्रमातली बहुतेक पोरं तशीच. ती उणीव 1962 च्या दुरुस्तीने भरून निघाली. टाकलेलं मूल आणि आईबापांचा पत्ता नसलेलं मूल असे शब्द कायद्यात आले आणि आश्रमाला पालक म्हणून त्यांना देण्याचा मार्ग मोकळा झाला. 1875 ते 1962. सासूबाईंचा "देईन कोन" हा प्रश्न सुटायला एवढी वर्षं गेली.

एक गोष्ट मला तेव्हा लागली आणि अजून लागते. त्या कायद्यात दत्तक घेणारा पुरुष. नवरा असलेल्या बाईची नुसती संमती. आमच्या कागदावर मी लेकीची आई आहे ती ह्यांची बायको म्हणून. हे 2010 मध्ये बदललं. आता विवाहित स्त्रीही नवऱ्याच्या संमतीने स्वतः दत्तक घेऊ शकते. माझ्या लेकीच्या कागदाला त्याचा उपयोग नाही, पण माझ्या मागून येणाऱ्या बायांना आहे.

सोलापुरात कचेरीच्या आवारात एका वकिलांकडून कळलं की हिंदू, बौद्ध, जैन, शीख सोडून इतरांना हा मार्गही नाही. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी जोडप्यांना आणि परदेशी लोकांना 1890 च्या कायद्याखाली तेव्हा फक्त पालकत्व मिळत असे. स्वीडन, नॉर्वे, इटलीपर्यंत आपली मुलं जात होती. त्या व्यवहारांतल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि 6 फेब्रुवारी 1984 रोजी न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला: आधी भारतातले आईबाप शोधा, ते मिळाले नाहीत तरच परदेशी. आमच्या अर्जामागेही त्या निकालाची ताकद होती, असं ते वकील म्हणाले. मला त्या गोऱ्या जोडप्यांची आठवण येत राहिली, जी पुण्या-मुंबईत आमच्यासारखीच तारखेची वाट पाहत शनिवारवाडा नाहीतर गेट वे पाहत हिंडली असतील. त्यांच्याही मांडीवर टोपड्याचं पुडकं असेलच.

परवानगी मिळाली त्या दिवशी आम्ही सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ धावत पाहिलं आणि लेकीसाठी चादर घेतली. पंढरपूरला परतल्यावर देण्याघेण्याचा विधी. 1956 च्या कायद्याला दत्तहोमाची गरज नाही. गरज आहे ती प्रत्यक्ष देण्याची आणि प्रत्यक्ष घेण्याची. मूल एका हातातून दुसऱ्या हातात गेलंच पाहिजे, नाहीतर दत्तक झालंच नाही. कायद्याची कलमं मी पुष्कळ वाचली. हे एक मला आईने लिहिल्यासारखं वाटतं. व्यवस्थापक बाईंनी लेकीला पुढे केलं, ह्यांनी घेतलं आणि लगेच माझ्याकडे दिलं. रोज तिला न्हाऊ घालणाऱ्या मावशी दाराआड गेल्या. त्यांना हाक मारून मी लेकीला पुन्हा एकदा त्यांच्या कडेवर दिलं.

घरी सासूबाईंनी ओवाळायच्या आधी विचारलंच, "देल्ली कोनं?" मी म्हटलं, कोर्टाच्या परवानगीने आश्रमाने. त्या म्हणाल्या, "कोर्टानं म्हंजे पक्कंच झालं मंग." आणि तुकडा ओवाळून टाकला. भाऊकीला पटायला जास्त वेळ लागला. फेरफाराची नोंद झाली तेव्हा धाकटे दीर स्वतः तलाठ्याकडे सही करायला आले, हे मी विसरणार नाही.

आता सगळं बदललं आहे. 2000 च्या आणि मग 2015 च्या बाल न्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. नावनोंदणी संगणकावर, यादी साऱ्या देशाची एकच. मुलाची माहिती आली की 48 तासांत होकार कळवायचा. 2022 च्या सप्टेंबरपासून हुकूम कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. टाकलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवते. दत्तक गेलेलं मूल मोठं झाल्यावर आपलं मूळ विचारू शकतं, त्याचीही रीत नियमांत आहे. माझ्या लेकीने विचारलं तेव्हा माझ्याजवळ जे होतं ते म्हणजे पंढरपूरची वही. तिने ती स्वतःच्या घरी नेली.

आमच्या जिल्ह्यातली जोडपी हल्ली मला फोन करतात. कोणाला ओडिशातलं मूल मिळतं, कोणाला झारखंडातलं, आणि ती घाबरतात: भाषा येत नाही, गाव माहीत नाही, वेळ कसा काढायचा. मी त्यांना सांगते की त्या गावाचे रस्ते हिंडा. आश्रम कोणी काढला, कोणत्या साली, गावातली नदी कोणती, बाजार कोणत्या वारी, तिथे लोक काय खातात, हे सगळं लिहून घ्या, मावश्यांची नावं विचारा, फोटो काढू देत असतील तर काढा. आणि पंढरपूरचंच नाव निघालं, तर पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटातून पुंडलिकाकडे जा, मग महाद्वार घाट आणि बायजाबाईंचा वाडा, मग चोखामेळा धर्मशाळा विचारत जा, रिक्षाने गोपाळपूर, आणि मार्गशीर्ष असेल आणि नदीला पाणी बेताचं असेल तर होडीने विष्णुपद. डबा बरोबर ठेवा. आश्रमाची वेळ दुपारची असेल, तर तोवर एवढं पाहून होतं.